करवंदीची जाळी : ‘चिंतामुक्त’ झुडपाची चिंता

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



ग्रंथालयाच्या शताब्दीचे औचित्य साधून मराठीच्या एका अध्यापकाला बोलावले, तर तो संतवाङ्मयावर किंवा कादंबरीच्या वाटचालीवर बोलेल, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र आज एका काटेरी झुडपावर बोलणार आहे. वनस्पतिशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. परंतु शब्द हा माझा व्यवसाय आहे, आणि एखादी वस्तू डोळ्यांआड होऊ लागली की तिच्याभोवतीचे शब्दही ओस पडू लागतात, एवढे या व्यवसायात राहून कळले आहे. माझ्या वर्गातील मुलांना ‘जाळी’ म्हटले की खिडकीची जाळी आठवते, फार तर संगणकाची. करवंदीची जाळी आठवणारे हात दरवर्षी कमी होत आहेत. म्हणून हा विषय मी आपल्यासमोर आणला आहे.

प्रथम या झुडपाची ओळख. करवंदी ही सदाहरित, काटेरी, दाट फांद्यांची वनस्पती. पाने समोरासमोर, जाड आणि चकचकीत. कुठेही खरवडले तरी पांढरा चीक येतो. माघ-फाल्गुनात पांढरी, पाच पाकळ्यांची, मंद सुवासाची फुले येतात. चैत्र-वैशाखात हिरवी, मग गुलाबी, मग जांभळट काळी फळे लगडतात. मृगाच्या सरी पडल्या की फळ पाणचट होते, असे जुनी माणसे सांगत. फळ फोडून आत लाल निघाला तर ‘कोंबडा’ आणि पांढरी निघाली तर ‘कोंबडी’, हा खेळ आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांनी खेळलेला असेल. ‘डोंगराची काळी मैना’ ही विक्रेत्यांची आरोळी ऐकली नाही, असा मराठी माणूस पूर्वी विरळा होता.

आता नावाकडे वळू. संस्कृतात याला करमर्द किंवा करमर्दक म्हणतात. अमरकोशाच्या वनौषधिवर्गात ते आहे आणि त्याच्या पर्यायांत ‘कृष्णपाकफल’ असा एक सुंदर शब्द आहे. पिकले की काळे होणारे फळ! नावातच निरीक्षण आले. करमर्दापासून प्राकृताच्या वाटेने आपले करवंद आले. मराठीने पुढे एक बारकावा साधला. फळ ते करवंद आणि झुडूप ती करवंदी. फळ नपुंसकलिंगी, झुडूप स्त्रीलिंगी. गोव्यात कोकणीत याच फळाला ‘कांटां’ म्हणतात. आपल्या भागातील कानडी बांधव ‘कवळी’ म्हणतात. खानापूरकडून बाजारात येणाऱ्या पाटीवर एकाच दिवशी या तिन्ही भाषांतून भाव होताना मी ऐकला आहे.

याहून मौजेची गोष्ट पुढे आहे. 1563 साली गोव्यात छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या औषधिविषयक संवादग्रंथात या फळाची चर्चा ‘कारांदस’ या नावाने आली आहे. युरोपीय लेखकाच्या कानाने टिपलेले ते इथल्या लोकांच्या तोंडचेच नाव. पुढे 1767 मध्ये लिनियसने या वनस्पतीला शास्त्रीय नाव दिले, ते ‘कॅरिसा कारांदस’. म्हणजे आपल्या डोंगरउतारावरील एक बोलीतला शब्द जगाच्या वनस्पतिशास्त्रात कायमचा नोंदला गेला आहे. याच गणातली दुसरी जात ‘कॅरिसा स्पायनारम’. आपण रानात जिला करवंदी म्हणतो तिच्यात या दोन्हींचा समावेश होतो, आणि त्यांच्या सीमारेषेविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. आपल्या विवेचनाला त्यामुळे बाधा येत नाही.

इंग्रजी शिकलेल्या आपल्या मुलांना चेरी ठाऊक असते, कारण ती केकवर बसलेली असते. परंतु आपल्या बेकऱ्यांतून मिळणारी ती लालभडक, गोड, चिवट ‘चेरी’ पुष्कळदा चेरी नसतेच. कच्च्या करवंदातील बी काढून, ते साखरेच्या पाकात मुरवून, त्याला लाल रंग देऊन ती तयार केलेली असते. उत्तर भारतात यासाठी करवंदाच्या बागाही आहेत. म्हणजे मूल वाढदिवसाला करवंद खाते, आणि ते करवंद आहे हे त्याला कोणी सांगत नाही. फळ टिकले, नाव गेले. ही आपली देशी रानचेरी आपल्या ताटात परक्या नावाने वावरते आहे.

आता प्रश्न असा की, या झुडपाची आज अवस्था काय आहे? ते धोक्यात आहे की नाही?

याचे उत्तर देण्याची जगन्मान्य पद्धत आहे. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1964 पासून ‘लाल यादी’ ठेवली आहे. तीत नऊ वर्ग आहेत : नामशेष, वन्य अवस्थेत नामशेष, अतिसंकटग्रस्त, संकटग्रस्त, असुरक्षित, संकटसमीप, चिंतामुक्त, अपुरी माहिती असलेले आणि मूल्यमापन न झालेले. एखादी जात कोणत्या वर्गात घालायची, याचे निकष आकड्यांनी बांधलेले आहेत. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांपैकी जो काळ दीर्घ असेल त्या काळात, संख्या सर्वसाधारणपणे 30 टक्क्यांनी घटली तर असुरक्षित, 50 टक्क्यांनी घटली तर संकटग्रस्त, 80 टक्क्यांनी घटली तर अतिसंकटग्रस्त. प्रौढ झाडे 1,000 पेक्षा कमी असतील तर असुरक्षित, 250 पेक्षा कमी असतील तर संकटग्रस्त, 50 पेक्षा कमी असतील तर अतिसंकटग्रस्त. क्षेत्राचाही निकष आहे. जातीचा एकूण विस्तार 20,000 चौरस किलोमीटरच्या आत असेल आणि त्याबरोबर तुटकपणा, घट वगैरे अटी पुऱ्या होत असतील, तर ती असुरक्षित ठरू शकते.

20,000 चौरस किलोमीटर म्हणजे किती, हे आपल्या परिचयाच्या मापाने पाहू. बेळगाव जिल्ह्याचे क्षेत्रफळ 13,415 चौरस किलोमीटर, गोव्याचे 3,702. दोन्ही मिळून 17,117. म्हणजे एखादी वनस्पती केवळ बेळगाव आणि गोव्यातच असती, तर तिची नोंद घेण्यास यादी सिद्ध झाली असती. करवंदीचे तसे नाही. ती हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीपर्यंत आढळते, आणि स्पायनारम या जातीचा विस्तार तर आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत आहे. याचा अर्थ काय होतो? उद्या बेळगाव जिल्ह्यातील आणि गोव्यातील शेवटची जाळी जरी उपटली गेली, तरी जगाच्या हिशेबात करवंदीला ओरखडाही उमटणार नाही. यादी खोटे बोलत नाही. तिला विचारलेला प्रश्नच वेगळा आहे. ‘ही जात पृथ्वीवरून जाणार आहे काय?’ एवढेच ती सांगते. ‘ही जात तुमच्या गावातून जाणार आहे काय?’ हे तिने सांगायचे नसते, आपणच आपल्याला विचारायचे असते. प्रदेशापुरते मूल्यमापन कसे करावे याची मार्गदर्शक सूत्रे त्याच संघटनेने 2003 मध्ये प्रसिद्ध केली आहेत. ती वापरणारी माणसे मात्र त्या त्या प्रदेशातून पुढे यावी लागतात.

येथे करवंदीच्याच कुळातील एका भावंडाची आठवण होते. शिंदळ माकुडी नावाची एक छोटी, मांसल वनस्पती सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांवर उगवते; शिवनेरीचा कडा हे तिचे प्रसिद्ध स्थान. जगातील अत्यंत संकटग्रस्त अशा बारा वनस्पतींत तिची गणना झाली होती. तिच्यावर संशोधन झाले, तिची रोपे तयार करण्यात आली, ती पुन्हा कड्यांवर लावण्याचे प्रयत्न झाले. हे सर्व योग्यच झाले. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने 1987 ते 1990 या काळात भारतीय वनस्पतींचे ‘रेड डेटा बुक’ तीन खंडांत प्रसिद्ध केले, तेही अशा दुर्मिळांसाठीच. वन्यजीव संरक्षण कायद्यात 1991 मध्ये वनस्पतींसाठी प्रथमच परिशिष्ट जोडले गेले, तेव्हा त्यात अवघ्या सहा नोंदी होत्या. दुर्मिळाला संरक्षण मिळावे, याबद्दल वाद नाही. परंतु दुर्मिळ होण्यापूर्वी प्रत्येक गोष्ट कधीतरी विपुल असते, हे आपण विसरतो.

विपुलता हे अभयपत्र नव्हे, याचे दाखले इतिहासात आहेत. उत्तर अमेरिकेतील प्रवासी कबुतर एकेकाळी अब्जावधींच्या संख्येने आकाश झाकून टाकीत असे. त्यातले शेवटचे 1 सप्टेंबर 1914 रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले. इतके दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या गावाबाहेरच्या ढोरफोडीच्या जागेवर पांढऱ्या पाठीची गिधाडे बसलेली आपण लहानपणी पाहिली आहेत. त्यांची कोणी कीव केली नाही, की मोजणी केली नाही. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत भारतातील त्यांची संख्या 99 टक्क्यांहून अधिक घटली. 2006 मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तोवर आकाश रिकामे झाले होते.

ग्रंथालयाच्या सभासदांना ही गोष्ट मी दुसऱ्या उदाहरणाने सांगितली तर अधिक पटेल. आपल्या कपाटात दुर्मिळ पोथी असेल तर आपण तिला कुलूप लावतो, कापडात बांधतो, तिचे छायाचित्रण करून घेतो. आणि जे पुस्तक घरोघरी होते? जुनी क्रमिक पुस्तके, दोन पैशांची आरत्यांची चोपडी, जत्रेत विकले जाणारे वग, दरसालचे पंचांग? त्यांच्या हजारो प्रती निघाल्या. ‘कोणाकडे तरी असेलच’ म्हणून कोणीच जपले नाही. आज अभ्यासकाला शंभर वर्षांपूर्वीची गाथा सहज मिळते, पण त्याच वर्षीचे प्राथमिक शाळेचे वाचनपुस्तक मिळवताना त्याची दमछाक होते. करवंदीची जाळी ही निसर्गाच्या ग्रंथालयातील अशी क्रमिक पुस्तकाची प्रत आहे. ‘डोंगरावर असेलच की’ या विश्वासावर ती हरवते आहे.

ती का हरवते, याची कारणे गूढ नाहीत. करवंदी घनदाट अरण्यात फारशी वाढत नाही. तिला ऊन लागते. माळ, डोंगरउतार, गायराने, शेताचे बांध, जांभ्या दगडाचे सडे आणि जंगलाच्या कडा ही तिची घरे. आता ही घरे सरकारी दप्तरात कोणत्या नावाने ओळखली जातात ते पाहा. ‘पडीक जमीन’! देशातील पडीक जमिनींचा नकाशासंग्रह 2000 साली प्रथम प्रसिद्ध झाला आणि नंतर त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. त्यात झुडपी जमीन हा पडीक जमिनीचाच एक प्रकार मानलेला आहे. म्हणजे वनस्पती कोणत्याही संरक्षित यादीत नाही, आणि तिचे घर मात्र टाकाऊ मालाच्या यादीत आहे. ज्याला आपण पडीक म्हटले, ते ‘उपयोगात आणणे’ हे पुण्यकर्म ठरते.

आणि मग उपयोग सुरू होतो. कोकणात आणि गोव्यात सड्यांवरून चिऱ्याच्या खाणी लागतात. जांभ्याचा थर कापला गेला की त्यावरील जाळी परत येण्याचा प्रश्नच उरत नाही. उतारावर काजू लागतो, दोडामार्गकडे रबर लागते. शहराभोवतालच्या टेकड्यांवर भूखंड पडतात, आणि पहिल्या दिवशी जेसीबी येतो तो ‘झाडोरा साफ’ करण्यासाठी. रस्ता रुंद होताना मोठ्या झाडांचा हिशेब होतो, त्यांच्यासाठी आंदोलनही होते. कडेची जाळी ही झाडांत मोजलीच जात नाही. उरलेल्या जागी घाणेरी आणि रानमोडी ही परदेशी झुडपे पसरतात. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या उद्यानात शोभेसाठी आणली गेली. आज ती डोंगरच्या डोंगर व्यापून बसली आहे. करवंदी तोडली किंवा वणव्यात होरपळली, तरी बुडख्यापासून पुन्हा फुटते; ती चिवट आहे. पण दरवर्षी वणवा, दरवर्षी तोड, आणि फुटव्यावर घाणेरीची सावली, एवढे सारे तिलाही सोसत नाही. शिवाय तिचे बी फार काळ रुजण्याजोगे राहत नाही. पिकलेले फळ पाखराने खाल्ले आणि पावसाळ्याच्या तोंडावर बी ओल्या मातीत पडले, तरच नवी पिढी. मातीत वर्षानुवर्षे निद्रिस्त राहून अनुकूल काळाची वाट पाहणारे ते बी नाही.

‘गेली एक काटेरी जाळी तर बिघडले काय?’ असे विचारणारा माणूस असमंजस असतो, असे मी मानत नाही. पोटासाठी जमीन लागते, घरासाठी चिरा लागतो. परंतु किंमत किती मोजतो आहोत, हे ठाऊक असले पाहिजे. जाळी म्हणजे एकटी करवंदी नव्हे. तिच्या काट्यांच्या आडोशाने इतर झाडांची रोपे गुरांच्या तोंडातून वाचतात. उघड्या माळावर रोप जगायचे तर त्याला कुंपण लागते, आणि जाळी हे निसर्गाने फुकट घातलेले कुंपण आहे. म्हणून जाळीतून वर डोके काढलेले एखादे आंब्याचे किंवा जांभळाचे झाड आपल्याला दिसते. ते तिच्या मांडीवर वाढलेले असते. ससा, लावा, तित्तर, मुंगूस जाळीत आसरा घेतात. बुलबुल तिच्यात घरटे करतो. वैशाखात, जेव्हा रान कोरडे ठणठणीत असते, तेव्हा तिची फळे पाखरांपासून कोल्ह्यापर्यंत आणि अस्वलापर्यंत अनेकांची भूक भागवतात. 2011 मध्ये आपल्या खानापूर तालुक्यातील भीमगडला अभयारण्याचा दर्जा मिळाला, 2012 मध्ये पश्चिम घाटातील 39 स्थळांना जागतिक वारशाचा मान मिळाला. या दोन्ही गोष्टी अभिमानाच्या आहेत. पण अभयारण्याच्या सीमेबाहेरच्या माळावर उन्हाळ्यात खायला काहीच उरले नाही, तर आतील प्राणी कुठे जाणार, याचा विचार सीमारेषा करीत नाही.

आणि माणसे? उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत पाटीवर पळसाच्या पानांचे द्रोण मांडून बसणाऱ्या बाया आपण पाहतो. या व्यवसायात भांडवल नाही, दलाल नाही. पहाटे डोंगर चढण्याचे बळ आणि काट्यांनी ओरबाडलेले हात, एवढीच गुंतवणूक. शेतात काम नसते त्या दिवसांत हा पैसा थेट बाईच्या हातात पडतो. त्यातून मुलांच्या वह्या येतात, पावसाळ्याचे मीठमसाले येतात. जांबोटीकडून येणाऱ्या एका वृद्ध बाईंना मी विचारले, ‘आजी, पूर्वीइतकी करवंदे मिळतात का हो?’ त्या म्हणाल्या, ‘मिळत्यात की बाबा, पण वाट लांबली. आधी घरामागं व्हती, आता दोन डोंगर पल्याड.’ करवंदीच्या स्थितीचे याहून नेमके मूल्यमापन मी कुठल्या अहवालात वाचलेले नाही. फळ बाजारात दिसते म्हणून आपण समाधान मानतो. वाट लांबल्याचे फक्त पायांना कळते.

2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क वननिवासी कुटुंबांना दिला. ही मोठीच गोष्ट आहे. परंतु हा हक्क वनजमिनीपुरता. जी जाळी खासगी माळावर होती आणि जिच्याकडे मालकाने कधी लक्षही दिले नव्हते, तिथे पिढ्यान्‌पिढ्या फळे तोडणाऱ्या बाईला कुंपण पडले त्या दिवशी कोणताही कागद दाखवता येत नाही. तिचा हक्क केवळ मालकाच्या दुर्लक्षावर उभा होता.

आता माझ्या क्षेत्राकडे येतो. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ 1956 साली प्रसिद्ध झाले. बारा महिन्यांतील निसर्गाचे रूप त्यात मराठी गद्याने इतक्या सूक्ष्मतेने प्रथमच टिपले. मारुती चितमपल्ली यांची मातृभाषा तेलुगू. वनाधिकारी म्हणून ते रानात राहिले, आदिवासींकडून आणि पारध्यांकडून शब्द गोळा करीत राहिले, आणि त्यांचा ‘पक्षिकोश’ मराठीला मिळाला. 2025 च्या जूनमध्ये ते गेले. या दोघांच्या लेखनामागे एक गृहीत होते : वाचकाने ते झाड, ते पाखरू कधी ना कधी पाहिलेले आहे, लेखकाने फक्त आठवण जागी करायची. हे गृहीतच आता डळमळू लागले आहे. तळटीप देऊन अर्थ सांगता येतो, परंतु तोंडात येणारी आंबटगोड चव आणि ओठांना चिकटणारा चीक तळटिपेत मावत नाही. आपण सीमाभागातली आणि महाराष्ट्राबाहेरची मराठी माणसे भाषेच्या बाबतीत विशेष हळवी आहोत. पाट्यांसाठी, शाळांसाठी, दप्तरातील कागदांसाठी आपण झगडलो. तो झगडा योग्यच आहे. पण भाषा पाटीवर जशी असते तशी बांधावरही असते. करवंदी, तोरण, आटक, भोमा, घाणेरी ही नावे ज्याला येतात, त्याची मराठी या मातीत उभी आहे.

तर मग आपण काय करावे? व्याख्यान देऊन मोकळे होणे मला सोपे आहे. म्हणून काही निश्चित सूचना ग्रंथालयापुढे ठेवतो.

पहिली सूचना नोंदवहीची. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकांच्या माहितीवर आधारलेली नोंदवही तयार करावी, अशी तरतूद आहे. ग्रंथालय ही नोंद ठेवण्याची कला शंभर वर्षे जाणणारी संस्था. दाखलखारीज ठेवणाऱ्या हातांना हे काम जड नाही. कोणत्या गावाच्या कोणत्या माळावर जाळ्या आहेत, पहिले फूल कोणत्या आठवड्यात आले, पहिले फळ बाजारात कधी आले, आणि ते कुठून आले, एवढ्या चार रकान्यांची वही ठेवावी. दहा वर्षे ठेवली, तर घट किंवा वाढ अनुमानाने सांगावी लागणार नाही. तिची प्रत संबंधित ग्रामपंचायतीच्या समितीला द्यावी.

दुसरी सूचना शब्दांची. सत्तरी ओलांडलेल्या शेतकऱ्यांकडून, धनगरांकडून, करवंदे विकणाऱ्या बायांकडून रानफळांची मराठी, कोकणी आणि कानडी नावे, त्यांचे उपयोग, लोणच्याच्या आणि मुरंब्याच्या कृती, खेळ, म्हणी ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. हे काम पाच वर्षांनी करू म्हटले, तर सांगणारे उरणार नाहीत.

तिसरी सूचना रोपांची. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमांत आपण गुलमोहर लावतो, कारण तो लवकर वाढतो आणि छायाचित्रात चांगला दिसतो. शाळांच्या कुंपणासाठी तारेऐवजी करवंदी का लावू नये? पूर्ण पिकलेल्या फळाचे बी धुऊन, न साठवता, लगेच पिशवीत पेरावे. बी आपल्याच परिसरातील जाळीचे घ्यावे; प्रत्येक डोंगराच्या करवंदाला आकाराचा आणि आंबटगोडीचा स्वतःचा वाण असतो, आणि दूरच्या बागेतले मोठे फळ आणले तर तो वाण राखला असे होत नाही. मात्र एक लक्षात ठेवावे. रोप लावणे हा उभी जाळी तोडण्याचा परवाना नव्हे. जाळी तयार व्हायला अनेक वर्षे लागतात, आणि तिच्या पोटात वाढणारे सारे तिच्याबरोबर लावता येत नाही. म्हणून प्रथम जे आहे ते राखावे, मग नवे लावावे. ज्या सभासदांच्या मालकीचे माळ आहेत, त्यांनी सफाई करताना जाळीचे एक-दोन पट्टे सोडले आणि विकणाऱ्या बाईला आत येण्यास मज्जाव केला नाही, तरी कोणत्याही ठरावापेक्षा ते मोठे काम होईल.

मित्रहो, शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी हे ग्रंथालय स्थापन केले, त्यांच्याभोवती मराठी पुस्तके नामशेष होत नव्हती. उलट ती वाढत होती. तरीही कोणीतरी ती एकत्र ठेवली पाहिजेत, त्यांना क्रमांक दिला पाहिजे, त्यांची धूळ झटकली पाहिजे, असे त्यांना वाटले. विपुलतेच्या काळात जपणूक करण्याची ही दूरदृष्टी आहे, आणि म्हणूनच आज आपण शताब्दी साजरी करीत आहोत. करवंदी अजून नामशेष झालेली नाही, आपल्या भागातही नाही. ती ‘चिंतामुक्त’ दिसते आहे, तोच तिची चिंता करण्याचा योग्य काळ आहे. येत्या वैशाखात नोंदवहीचे पहिले पान लिहिले जाईल, एवढी अपेक्षा व्यक्त करतो.